कनेक्शन तुटलं, मग काम कुणी मारलं?

ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं आणि कोल्हापूरचा पुण्याकडचा रस्ता बंद झाला. ज्या कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळत होते तो नदीच्या पलीकडे आणि मी अलीकडे, राजारामपुरीत घरात अडकलेली. पाणी सर्व्हरच्या खोलीपर्यंत जाईल की नाही हे सांगायला तिथे धड माणूसही नव्हता. म्हणून चार वर्षांचा हिशोबाचा डेटा आवळून बाहेरगावच्या मशीनवर पाठवायचं ठरवलं. डेटा जाणार होता सर्व्हरच्या स्वतःच्या लाइनवरून. माझा मोबाइल फक्त हुकूम देण्यापुरता.

हुकूम दिला. पडद्यावर आकडे पळायला लागले. अडीच तासांनी मोबाइलची रेंज गेली, पाऊण तासाने आली. पुन्हा लॉगिन करून बघते तर काम गायब. एरर नाही, सूचना नाही, अर्धवट फाइल तेवढी पडलेली. सर्व्हर किती दिवस न थांबता चालू आहे ते बघितलं: ११२ दिवस. म्हणजे त्याला धक्कासुद्धा लागला नव्हता. त्याची लाइनही शाबूत होती. गेलं होतं ते माझं नेट, आणि मेलं होतं ते त्याचं काम.

मी सर्व्हर सांभाळायला शिकवते त्या संध्याकाळच्या बॅचमध्ये पहिल्याच दिवशी हा प्रसंग सांगते आणि विचारते, काम कुणी मारलं? कुणीतरी म्हणतंच, "नेट गेलं म्हणून मेलं की, मॅडम." पण नेट जाणं ही माझ्या घरातली घटना. नदीपलीकडच्या एका प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामने, त्यासाठी मरायचं काय कारण? उत्तर आहे सेशन नावाच्या व्यवस्थेत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाच-सहा सिस्टिम कॉलवर, म्हणजे प्रोग्रामने तिच्याकडे करायच्या विनंत्यांवर, ती उभी आहे. एकदा ती समजली की सर्व्हरवरची बरीच भुतं पळून जातात.

कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, माणूस कळत नाही. त्याला प्रोसेस कळतात, आणि प्रत्येक प्रोसेसवर लावलेले आकडे कळतात. तुम्ही लॉगिन करता तेव्हा एक प्रोसेस पासवर्ड किंवा किल्ली तपासते आणि तुमच्यासाठी एक शेल, म्हणजे तुमचे हुकूम वाचून चालवणारा प्रोग्राम, उभा करते. पुढे तुम्ही जो हुकूम देता त्यासाठी शेल स्वतःची एक प्रत काढतो. या कॉलचं नाव फोर्क. प्रत म्हणजे लेकरू. लेकराला स्वतःचा नवा क्रमांक मिळतो, त्याला पीआयडी म्हणतात, पण बाकी बहुतेक सगळं वारशाने येतं: कुठल्या वापरकर्त्याचे अधिकार, कुठल्या फोल्डरमध्ये उभं आहे, कुठलं टर्मिनल (म्हणजे कीबोर्ड आणि पडदा), कुठला ग्रुप, कुठलं सेशन. हा वारसा हीच सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. सेशन क्रमांक कुणी मागून घेत नाही. तो जन्माने येतो.

इथल्या मुलांना मी तालमीचं उदाहरण देते. सेशन म्हणजे तालीम. ती ज्याने उभी केली तो वस्ताद, म्हणजे सेशन लीडर. लॉगिन केल्यावर हा मान शेलला मिळतो. तालमीचं नाव म्हणजे वस्तादाचाच क्रमांक. शेलचा पीआयडी ४१०२ असेल तर सेशनचा क्रमांकही ४१०२. तालमीत एकच लाल मातीचा हौदा असतो, तसं सेशनला जास्तीत जास्त एकच टर्मिनल बांधलेलं असतं. आणि पैलवान उतरतात ते जोडीने, तशा प्रोसेस ग्रुपने काम करतात. तीन हुकूम उभ्या रेघेने जोडून एक साखळी बनवली, एकाने फाइल वाचायची, दुसऱ्याने गाळायची, तिसऱ्याने मोजायची, की त्या तीन प्रोसेसचा मिळून एक ग्रुप होतो. प्रत्येक ग्रुपला त्याच्या म्होरक्याचा क्रमांक मिळतो.

हौद्यात एका वेळी एकच ग्रुप. तो पुढचा ग्रुप, फोरग्राउंड. बाकीचे कडेला जोर-बैठका मारत राहू शकतात, हिशोब करू शकतात, फायली लिहू शकतात, पण कीबोर्डला हात लावायचा नाही. कडेच्या एखाद्या प्रोसेसने टर्मिनलवरून वाचायचा प्रयत्न केला की कर्नेल तिच्या सगळ्या ग्रुपला सिगटीटीइन नावाचा सिग्नल, म्हणजे ठरलेला निरोप, पाठवतो आणि ते सगळे आहेत तिथे थांबतात. बॅकग्राउंडला टाकलेलं काम कधी कधी 'स्टॉप्ड' म्हणून पडलेलं दिसतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं: ते पासवर्ड किंवा हो-नाही विचारायला बसलेलं असतं आणि विचारायला हौदा मोकळा नसतो. कुणाला आत सोडायचं हे वस्ताद ठरवतो. शेल त्यासाठी टीसीसेटपीजीआरपी हा कॉल करतो.

कंट्रोल-सी दाबल्यावर साखळीतले तिन्ही हुकूम एकदम का थांबतात, हेही यातून उलगडतं. ती की तुमच्या प्रोग्रामपर्यंत जातच नाही. टर्मिनलचा ड्रायव्हर ती मध्येच पकडतो, पुढचा ग्रुप कोणता ते बघतो आणि त्या ग्रुपातल्या प्रत्येकाला सिगिंट, म्हणजे क्रमांक २ चा सिग्नल पाठवतो. शेल स्वतः वेगळ्या ग्रुपात असतो, म्हणून तो वाचतो. कंट्रोल-झेडचा रस्ताही हाच, फक्त तो सिग्नल मारत नाही, थांबवतो. कामं अशी थांबवून मागे-पुढे करण्याची सोय युनिक्सच्या जगात पहिल्यांदा १९८०च्या सुमारास बर्कलेच्या सी-शेलमध्ये आली. ती बसवणारे जिम कुल्प तेव्हा ऑस्ट्रियातल्या एका संशोधन संस्थेत होते. सेशन ही कल्पना मात्र नंतरची. युनिक्ससारख्या सिस्टिमसाठी ठरवलेल्या १९८८च्या पॉसिक्स प्रमाणाने ती पक्की केली आणि सेटसिड हा कॉलही त्याच प्रमाणातला.

आता माझ्या मेलेल्या कामाकडे.

पूर्वी टर्मिनल म्हणजे खरोखरचं यंत्र असायचं आणि ते लांब असेल तर मोडेम लावून टेलिफोनच्या तारेने जोडलेलं. समोरच्याने फोन ठेवला की मोडेमची वाहक लहर तुटायची आणि कर्नेलला कळायचं की माणूस गेला. मग त्याच्या मागे राहिलेल्या प्रोसेसचं काय करायचं? वेळ मोजून पैसे आकारायचा तो काळ. बेवारशी प्रोसेस मशीन अडवून बसल्या, तर पुढच्या माणसाला त्याच लाइनवर आदल्याचं काम चालू दिसेल. म्हणून नियम केला: फोन ठेवला गेला की सिग्नल पाठवा. त्याचं नावच सिगहप, हँग-अपवरून. सिग्नलांच्या यादीत त्याचा क्रमांक १ आहे. ज्या प्रोसेसने याबद्दल काही वेगळं सांगून ठेवलेलं नाही तिने हा सिग्नल आल्यावर मरायचं असतं.

मोडेम गेले, नियम राहिला. एसएसएचने, म्हणजे नेटवरून लांबच्या मशीनवर जाण्याच्या साधनाने, लॉगिन करता तेव्हा सर्व्हरवर खरं टर्मिनल नसतं, नाटकी टर्मिनलाची एक जोडी असते. एक टोक एसएसएचच्या सर्व्हर प्रोसेसकडे, दुसरं तुमच्या शेलकडे. माझी रेंज गेली, पलीकडून बराच वेळ उत्तर येईना, तेव्हा त्या सर्व्हर प्रोसेसने कंटाळून आपलं टोक बंद केलं. कर्नेलच्या दृष्टीने फोन ठेवला गेला. त्याने सिगहप पाठवला वस्तादाला, म्हणजे शेलला. माझा शेल बॅश होता. त्याची रीत अशी की स्वतः जाण्याआधी तो आपल्या प्रत्येक कामाला सिगहप पाठवतो. शिवाय वस्ताद गेला की कर्नेल हौद्यातल्या ग्रुपला आपल्या बाजूनेही सिगहप देतो आणि पाठोपाठ सिगकंट, म्हणजे कुणी थांबलेला असेल तर त्याने उठावं आणि निरोप घ्यावा. माझं डेटा आवळण्याचं काम हौद्यातच होतं. ते कुणी चुकून मारलं नव्हतं. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या एका शहाण्या नियमाने ते रीतसर मारलं गेलं होतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि तिने भलेभले फसतात. काम बॅकग्राउंडला टाकलं, 'एक्झिट' टाइप करून व्यवस्थित बाहेर पडलं, तर बॅशमध्ये ते काम सहसा जगतं. तेच काम तसंच टाकलं आणि नेट तुटलं तर मरतं. कारण नीट बाहेर पडताना बॅश मूळ सेटिंगमध्ये सिगहप वाटत बसत नाही, आणि कर्नेल फक्त पुढच्या ग्रुपला पाठवतो. तुटल्यावर मात्र बॅश सगळ्यांना वाटतो. म्हणून "मी कालच करून बघितलं, चालतंय की" असं कुणी म्हणालं तर मी विचारते, बाहेर कसा पडलास? आणि जगलेलं काम पुढे गेलेल्या टर्मिनलवर काही छापायला गेलं तर त्याला एरर मिळते आणि ते तेव्हा मरू शकतं. म्हणजे जगलं तेही अर्धवटच.

यातून सुटायचे मार्ग वेगवेगळ्या जागी घाव घालतात. नोहप हा हुकूम सिगहपकडे दुर्लक्ष करायला सांगून मग तुमचा प्रोग्राम सुरू करतो. प्रोसेसने आपल्या जागी नवा प्रोग्राम चढवला तरी हे दुर्लक्ष टिकतं, त्यामुळे युक्ती साधते. पण प्रोसेस त्याच तालमीत राहते, फक्त कान झाकून. सेटसिड वेगळं करतो. तो तालीमच बदलतो.

सेटसिडला काही द्यावं लागत नाही. जी प्रोसेस तो करते तिच्यापुरतं एक नवं सेशन तयार होतं, ती त्या सेशनची लीडर होते, नव्या ग्रुपचीही म्होरकी होते, आणि तिला टर्मिनल राहत नाही. तालीम उभी राहिली, हौदा अजून नाही. आता जुन्या टर्मिनलचा फोन हजार वेळा ठेवला तरी कर्नेलकडून हिला निरोप यायचं कारण नाही. कोण कुठल्या सेशनमध्ये आहे हे विचारायला गेटसिड. त्याला पीआयडी दिला की सेशन क्रमांक मिळतो, शून्य दिलं की स्वतःचा.

तालमीची उपमा इथे थोडी तोकडी पडते, ते सांगायला हवं. पैलवान एक तालीम सोडून दुसरीत जाऊ शकतो. प्रोसेसला ते जमत नाही. आधीपासून असलेल्या सेशनमध्ये शिरायचा कॉलच नाही. बाहेर पडायचं तर स्वतःची नवी तालीम काढूनच.

आणि तीही सगळ्यांना काढता येत नाही. जी प्रोसेस आधीच ग्रुपची म्होरकी आहे तिने सेटसिड केला की कर्नेल नकार देतो, ईपर्म म्हणजे 'परवानगी नाही' म्हणतो. मुलांना हे उगाचचं बंधन वाटतं. कागलहून येणाऱ्या एका मुलाने विचारलं होतं, "मॅडम, म्होरक्यालाच का अडवायचं? उलट त्याला मान द्यायला पाहिजे." फळ्यावर लिहून बघू. म्होरकीचा पीआयडी ४१५०, म्हणून ग्रुपचा क्रमांक ४१५०, आणि त्यात ४१५१ व ४१५२ या दोघी. ४१५० ला सेटसिड करू दिला तर तिचा नवा ग्रुपही ४१५० याच नावाचा होणार, पण नव्या सेशनमध्ये. जुन्या दोघी अजून जुन्या सेशनमध्ये ४१५० म्हणवून घेतायत. एकाच नावाचा ग्रुप दोन तालमींत. मग ४१५० ला सिग्नल पाठवा म्हटलं तर कुणाला पाठवायचा? ग्रुपने कायम एकाच सेशनमध्ये असावं यावर सगळी मांडणी उभी आहे, म्हणून हा दरवाजा बंद. तो मुलगा थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग लेकराला पाठवू." बरोबर हेच करतात. आधी फोर्क. लेकराचा पीआयडी ताजा असतो, त्या नावाचा ग्रुप असूच शकत नाही. मग लेकराने सेटसिड करायचा आणि आईने निघून जायचं.

जुन्या पद्धतीच्या डीमनमध्ये, म्हणजे पडद्यामागे कायम चालणाऱ्या सेवेत, यानंतर आणखी एकदा फोर्क केलेला दिसतो. कारण पहिलं लेकरू आता वस्ताद झालंय, आणि लिनक्सवर हौदा नसलेल्या वस्तादाने मोकळं टर्मिनल नुसतं उघडलं तरी ते त्याच्या गळ्यात पडतं. लॉग लिहायला म्हणून टर्मिनलची फाइल उघडावी आणि कायमचं बांधलं जावं, असा प्रकार. नातवंड वस्ताद नसतं, म्हणून त्याला हा धोका नाही. बीएसडी घराण्यात, म्हणजे बर्कलेच्या युनिक्सच्या वारसांत, टर्मिनल असं नकळत चिकटत नाही, तिथे ते मुद्दाम वेगळ्या कॉलने मागावं लागतं. मला ती रीत जास्त सरळ वाटते.

स्क्रीन आणि टीमक्स ही साधनंही याच पायावर उभी आहेत. त्यांचा मुख्य प्रोसेस स्वतःच्या सेशनमध्ये जाऊन बसतो आणि तुमच्या प्रत्येक खिडकीसाठी नवं नाटकी टर्मिनल आणि नवं सेशन उघडतो. तुमचं एसएसएच तुटलं की मरतं ते फक्त बघण्याचं भिंग. आतलं टर्मिनल शाबूत राहतं, कारण त्याचं दुसरं टोक टीमक्सने धरून ठेवलंय. लांबच्या सर्व्हरवर लांबलचक काम करायचं असेल तर मी आता आधी टीमक्स उघडते आणि मगच पुढचं अक्षर टाइप करते.

सेशनची दुसरी बाजू म्हणजे नाव, आणि ती मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. आत आलं कोण?

सर्व्हरवर तिघेजण आपापल्या नावाने येतात आणि मग सुडो हा हुकूम देऊन रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होतात. रूट झाल्यावर वापरकर्ता क्रमांक शून्य. एक फोल्डर उडालं, उडवणारा रूट. कोणता रूट? अधिकाराचा आकडा 'आत्ता काय करू शकतो' एवढंच सांगतो. 'कुठल्या दारातून आला' हे सांगायला वेगळी नोंद लागते.

बीएसडीने ती नोंद सेशनवरच ठेवली. लॉगिन करून देणारा प्रोग्राम रूटच्या अधिकाराने सेटलॉगिन हा कॉल करतो आणि सेशनवर नाव लिहितो. पुढे त्या सेशनमधली कुठलीही प्रोसेस गेटलॉगिन करून ते वाचू शकते. मध्ये कितीही वेळा वेश बदलला तरी नाव तेच राहतं, टर्मिनल नसलं तरीही मिळतं. नाव सेशनचं असल्यामुळे एक पथ्य पाळावं लागतं: आधी सेटसिड, मग सेटलॉगिन. एखाद्या सेवेने स्वतःचं सेशन न काढता सेटलॉगिन केला तर ती ज्या सेशनमध्ये जन्मली त्यातल्या सगळ्यांचं नाव बदलतं. आपल्या दाराची पाटी बदलायला जावं आणि अख्ख्या चाळीची बदलावी, तसं.

लिनक्समध्ये सेटलॉगिन नाही. तिथे हेच काम ऑडिटची, म्हणजे कुणी काय केलं याची नोंद ठेवणारी, यंत्रणा करते. प्रत्येक प्रोसेसवर लॉगिनयूआयडी म्हणून एक आकडा असतो. लॉगिनच्या वेळी तो लिहिला जातो आणि लेकरा-नातवंडांना वारशाने जातो. सुडोने तो बदलत नाही. कुणीच लॉगिन न करता जन्मलेल्या प्रोसेसवर तिथे ४२९४९६७२९५ असा लांबलचक आकडा दिसतो. तो घाबरण्यासारखा नाही, 'लिहिलेलं नाही' याचीच ती खूण.

वारशाचा एक त्रास मात्र पूर्वी फार व्हायचा. जुन्या व्यवस्थेत ॲडमिन हाताने एखादी सेवा बंद करून चालू करायचा, आणि ती सेवा त्याचीच नातवंड म्हणून जन्मायची. मग पुढचे कित्येक दिवस ती सेवा जे करेल त्यावर त्या बिचाऱ्याचं नाव. सिस्टिमडीमध्ये, म्हणजे आजच्या बहुतेक लिनक्सवर सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, तुम्ही फक्त विनंती करता आणि सेवेला जन्म देतो तो क्रमांक १ चा प्रोसेस, म्हणून ती कोरी जन्मते.

गेटलॉगिनवर विसंबून कुणाला अधिकार मात्र देऊ नयेत. विशेषतः जिथे ते टर्मिनलच्या नोंदवहीत बघून नाव सांगतं तिथे त्याला फसवणं अवघड नाही, आणि लिनक्सची माहितीपुस्तिका हे स्वतःच सांगते. नाव विचारपूस करायला, अधिकार ठरवायला वापरकर्ता क्रमांक.

सेटसिडने कुणालाही तालीम सोडता येते, म्हणजे माणूस गेल्यावर त्याचं सगळं आवरायचं असेल तर सेशन क्रमांक पुरत नाही. म्हणून लॉगिनवर लक्ष ठेवणारा सिस्टिमडीचा लॉगिनडी प्रत्येक लॉगिनभोवती सीग्रुपचं, म्हणजे प्रोसेस गटाने बांधून ठेवण्याच्या कर्नेलच्या सोयीचं, कुंपण घालतो. त्यातून फोर्क करून किंवा सेटसिड करून सुटता येत नाही. २०१६ साली, २३०व्या आवृत्तीत, लॉगआउट होताच कुंपणातलं सगळं मारायचं अशी मूळ सेटिंग त्यांनी केली आणि टीमक्स वापरणाऱ्यांनी मोठा आवाज उठवला. अनेक वितरणांनी ती सेटिंग बंदच ठेवली. तुमच्या सर्व्हरवर ती चालू असेल तर त्या वापरकर्त्यासाठी 'लिंगर' (लॉगआउटनंतरही त्याच्या सेवा चालू ठेवणारी सेटिंग) सुरू करून काम त्याच्या कायमच्या सेवेत टाकावं लागतं. टीमक्स असूनही काम मेलं, तर पहिल्यांदा हे तपासा.

बॅचमध्ये यानंतर मी प्रत्येकाला तीन झोपाळू प्रोसेस सुरू करायला लावते, हजार सेकंद नुसत्या पडून राहणाऱ्या. एक साधी बॅकग्राउंडला, एक नोहपने, एक सेटसिडने. मग खिडकीचा एक्झिट न करता तिची फुली दाबायची, दुसऱ्या खिडकीत प्रोसेसची यादी दाखवणारं पीएस चालवायचं आणि पीआयडी, ग्रुप, सेशन, टर्मिनल हे चार रकाने मागायचे. पहिली गेलेली असते. दुसरी जिवंत, पण तिचा सेशन क्रमांक अशा शेलचा आहे जो आता यादीतच नाही. तिसरीचा पीआयडी, ग्रुप आणि सेशन, तिन्ही आकडे एकच, आणि टर्मिनलच्या रकान्यात प्रश्नचिन्ह.

त्या पुरात दुसऱ्यांदा मी काम सेटसिडने सुरू केलं, छापील मजकूर एका फाइलकडे वळवला आणि स्वतःहून लॉगआउट झाले. रात्रभरात रेंज किती वेळा गेली ते मोजलं नाही. पहाटे गच्चीवर जाऊन रेंज पकडली, लॉगिन केलं, ती फाइल उघडली. शेवटच्या ओळीत पाठवलेल्या फायलींची संख्या होती आणि काम पूर्ण झाल्याची वेळ, ३ वाजून ४० मिनिटं.